भगवंतरावांच्या बाटलीतला समुद्र

माणिकबाईला पाण्याची चव कळते. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, ती कोणालाही कळते. तर नाही कळत. तुम्हाआम्हाला पाणी थंड लागतं नाहीतर कोमट लागतं, बस्स. माणिकबाई एक थेंब जिभेच्या टोकावर ठेवते, डोळे बारीक करते आणि सांगते, हे टाकीचं, हे हापशीचं, आणि हे बोअरचं आहे पण वरून नळाचं मिसळलंय, कोणाले येड्यात काढून राहिले? अमरावतीच्या ज्या छोट्या संग्रहालयात ती अकरा वर्षं झाडपूस करते, तिथल्या लोकांना याची भारी मजा वाटते.

तिला मात्र यात मजा कधीच वाटली नाही. तिचं माहेर चांदूर बाजारकडचं, माळ्याचं घर. संत्र्याची झाडं, वांगी, मेथी, शेवंती, आणि विहिरीचं पाणी असं की ओंजळीनं प्यावं आणि वर ढेकर द्यावी. तिथून लग्न होऊन ती आली दर्यापूरकडे, खारपाण पट्ट्यात. पूर्णेच्या या पट्ट्यात जमीन काळीशार, हरभरा असा की बघत राहावं, पण जमिनीखाली जिथं खोदाल तिथं पाणी खारट. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नव्या नवरीनं चुकीच्या घागरीत गडवा बुडवला, घोट घेतला आणि अंगणात थू करून थुंकली. सासू जमुनाबाई हसली नाही की रागावली नाही. ‘‘हे फरशीले, भांड्याले. ते प्याले. आधी जिभेवर थेंब टाक, मंग पाण्याले हात लाव,’’ एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून बाईच्या हाताला ती सवय जडली, ती जडलीच. भरलेलं भांडं दिसलं की आधी थेंब जिभेवर. गोड निघालं तर झाकून ठेवायचं, खारं निघालं तर फरशीला.

त्या घराचा दुसरा कायदा याहून कडक. पाहुण्याला खारं पाणी द्यायचं नाही, म्हणजे नाही. गोडं संपलं असेल तर शेजारून तांब्याभर मागून आणायचं, शेजारीही नसेल तर दुधाचा कप पुढं करायचा. जमुनाबाईनं स्वतः मात्र उन्हाळ्यात वावरात असताना जे मिळेल ते प्यायलं, आणि साठीच्या आत तिच्या किडन्या गेल्या. गावात असे आणखी बरेच गेले. कोण कशानं गेलं हे डॉक्टर एक सांगतो, गाव एक सांगतं, पण माणिकबाईनं सासूचे सुजलेले पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन चेपले होते. तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तर अशी ही बाई. नवरा गोवर्धन गावी शेती बघतो, ती अमरावतीत एका खोलीत राहते, दर रविवारी गावी जाऊन येते. संग्रहालयातली नोकरी कंत्राटी, दर मार्चमध्ये सही होते तेव्हा पुढचं वर्ष मिळतं. पण गावात जी आजवर गोवर्धनची बायको होती, तिला इथं पहिल्यांदा कोणी ‘माणिकबाई’ म्हटलं. तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आला. नाण्यांच्या पेट्यांवर बोटाचा ठसा दिसला तर ती मोठ्या साहेबालाही टोकते. ही नोकरी जाणं म्हणजे काय, ते तिनं स्वतःलासुद्धा कधी विचारलं नव्हतं. विचारायचीच भीती वाटायची.

गेल्या फेब्रुवारीत संग्रहालयात प्रदर्शन ठरलं, ‘भगवंतराव पाचपोर आणि समुद्र’. भगवंतराव म्हणजे अकोल्याचे शाळामास्तर. सायकलवर शाळेत जायचे, घरी येऊन गलबतं बुडवायचे. बत्तीस कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या समुद्रावरच्या. चाचे, वादळं, फुटलेली शिडं, आणि त्या सगळ्यातून वाट काढणारा त्यांचा सोनबा, गलबताचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. बाळापूर, पातूरपर्यंतची पोरं शाळेच्या पुस्तकांच्या कपाटापुढं रांग लावायची म्हणतात. आणि गंमत अशी की या माणसानं समुद्र पाहिला एकदाच, १९५८ साली, शाळेच्या सहलीबरोबर, दीड दिवस. येताना औषधाच्या एका हिरव्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं, काचेच्या बुचावर मेण ओतलं, आणि ती बाटली मरेपर्यंत लिहायच्या मेजावर ठेवली.

हे सगळं माणिकबाईला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

उद्घाटन शुक्रवारी अकराला. गुरुवारी सकाळी दालनात नुसता कल्ला. प्रदर्शनाच्या रागिणी मॅडम, वय तिशीच्या आतबाहेर, खोकी उघडून वस्तू मांडत होत्या. सुतार कुंदन भिंतीवर गलबताचं लाकडी तोंड ठोकत होता. कुंदनही दर्यापूरकडचाच, मिळेल त्या बाटलीत पाणी भरून आणणारा आणि अर्धं पिऊन विसरणारा. मॅडमनी खोक्यातून ती हिरवी बाटली काढली तर प्रवासात मेणाचा पार चुरा झालेला, बाटलीवरची चिठ्ठीही निघून खोक्याच्या तळाशी पडलेली. नवं मेण आणू म्हणून त्यांनी बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि छापखान्यात फलक आणायला गेल्या. शेजारी कुंदनचा डबा होता. कोणाला काही सांगायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

माणिकबाई बादली घेऊन आली. कट्ट्यावर डबा, डब्याजवळ धुळकटलेली बाटली, तळाशी गाळ. तिनं कपाळाला हात लावला. बूच काढलं, थेंब जिभेवर टाकला. खारं! थू!

‘‘काय रे कुंदन, हे असलं पाणी पिऊन राहिला? मरशील ना बे!’’

कुंदनच्या हातात ड्रिल घरघरत होतं, त्याला काही ऐकू आलं नाही. माणिकबाईनं बाटली बादलीत उपडी केली. खारं पाणी फेकायचं नसतं, फरशीला लागतं. त्या पाण्यानं तिनं सगळं दालन पुसलं, बादली मोरीत रिकामी केली, बाटली राखेनं घासून लखलखीत केली आणि उन्हात पालथी घातली. काम चोख झाल्याचं समाधानही वाटलं तिला, खोटं कशाला सांगा.

तासाभरानं मॅडम परतल्या त्या फोनवर बोलतच. ‘‘हो गीतांजलीताई, सगळं सुखरूप पोचलं. बाटलीसुद्धा, फक्त मेण गळून पडलंय. पासष्टच्या वर वर्षं झाली नाही का? एवढ्या जुन्या समुद्राच्या पाण्याला हात लावताना मलाच भीती वाटली हो.’’ फोन ठेवून त्यांनी कट्ट्याकडं पाहिलं. ‘‘मावशी, इथली हिरवी बाटली?’’

आपण काय ओतून टाकलं ते माणिकबाईला आता कळलं. काय बोलावं? तोंडातून निघालं ते भलतंच.

‘‘उचलून ठेवली, मॅडम. कपाटात. फुटन बिटन म्हणून.’’

‘‘बरं केलंत हो! तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. तुमच्याच ताब्यात राहू द्या, सकाळी मांडू.’’

तुम्ही आहात म्हणून काळजी नाही! त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. ती अंगणात गेली, बाटली पदराखाली घातली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि किल्ली मुठीत इतकी आवळली की तळहातावर दाते उमटले. सांगावं का? दोनदा ती मॅडमच्या टेबलापर्यंत गेली. दोनदा ‘‘चहा आणू का?’’ विचारून परत आली. मार्च तोंडावर होता. आणि नुसती सही नाही मिळणार एवढ्यावर भागणार नव्हतं. लोक म्हणणार होते, ती बाई, जिनं मास्तरांचा समुद्र फरशीला लावला. जन्मभर हेच म्हणणार होते.

दुपारी स्वयंपाकाच्या खोलीत तिनं नळाच्या पाण्यात मीठ कालवून पाहिलं. जिभेला लावलं. छ्या! हे तर वरणाला आधण ठेवल्यासारखं. दुसऱ्या कोणाला नसतं कळलं, पण तिच्या जिभेला कळलं, आणि एकदा कळल्यावर ती ते बाटलीत भरूच शकेना. मग तिला गावची बोअर आठवली. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, इथं कधीकाळी समुद्र होता म्हणे, म्हणून पाणी खारं. खरंखोटं देव जाणे, पण बुडत्याला तेवढं पुरलं. डोकं दुखतं सांगून ती तीन वाजता निघाली, एसटीनं दर्यापूर, तिथून काळीपिवळी जीपनं गाव.

गुरुवारी बायको दारात पाहून गोवर्धन दचकलाच. ‘‘कावून व? काय झालं? कोणी गेलं काय?’’

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गोवर्धन आधी हसला. बाईनं समुद्रानं पोछा मारला, म्हणाला, आता गावात सांगतो. मग तिचं तोंड पाहून त्याचं हसू विरलं.

‘‘सांगून टाक ना मग मॅडमले. माणूसच हाये, चुकते.’’

‘‘अन् नोकरी गेली मंग?’’

‘‘गेली तर गेली. वावर हाये ना आपलं.’’

‘‘तुमचं वावर हाये,’’ माणिकबाई म्हणाली. ‘‘मायं ते हाये.’’

लग्नाच्या बत्तीस-तेहतीस वर्षांत तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. सकाळी उजाडताच त्यानं स्वतः बोअर चालू केली, कोल्ड्रिंकची मोठी बाटली धुऊन भरून दिली, आणि ‘‘जुनं दिसाले पायजे’’ म्हणून वरून चिमूटभर काळी माती टाकायला गेला. तिनं त्याचा हात धरला. तेवढं सोंग तिच्यानं होईना.

येताना गाडीनं तिचा जीव खाल्ला. काळीपिवळीवाला सीट भरल्याशिवाय हलेना. एसटी मध्येच थांबली, ड्रायव्हर उतरून चाकाकडं बघत उभा राहिला, शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘‘आता बसा तासभर.’’ माणिकबाईनं पिशवी उराशी धरली होती. पाणी खळखळलं की तिला वाटे, साऱ्या एसटीला ऐकू गेलं. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. गाडी निघाली एकदाची. ती संग्रहालयात पोचली तेव्हा दारात रांगोळी घालून झाली होती आणि साडेदहा वाजायला आले होते.

कपाट उघडलं. घाईत अर्धं पाणी पदरावर सांडलं. बाटली भरली, बूच लावलं, बाहेरून पुसली. मॅडम धावत आल्या, ‘‘आहे ना?’’ म्हणाल्या, बाटली उचलून उजेडात धरली आणि क्षणभर थांबल्या. ‘‘केवढी स्वच्छ दिसतेय!’’

‘‘बाहेरून पुसली मी,’’ माणिकबाई म्हणाली. हे दुसरं खोटं. किंवा तिसरं. तिनं मोजणं सोडलं होतं.

‘‘मेण राहू दे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘ताईंचाच निरोप आहे, लावू नका म्हणून.’’

का लावू नका? माणिकबाईच्या मनात पाल चुकचुकली, पण विचारायला वेळ नव्हता. बाहेर गाडी थांबली होती.

गीतांजलीबाई, मास्तरांची एकुलती मुलगी, अकोल्याहून आल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, हातात काठी, पाय सुजलेले, चपलेचा पट्टा कसाबसा लागलेला. माणिकबाईची नजर आधी त्या पायांवर गेली आणि तिथंच अडकली. हे असे पाय तिनं पाहिले होते. फीत कापली, टाळ्या झाल्या, कोणी कोणी बोललं. मास्तरांचं मेज, त्यांचा टाक, वह्या, गलबताचं लाकडी तोंड, सगळं बघत गीतांजलीबाई काचेच्या त्या पेटीपाशी आल्या. आत हिरवी बाटली.

‘‘पेटी उघडता का जरा?’’ त्या म्हणाल्या. मग लोकांकडं वळल्या. ‘‘मी आठ वर्षांची होते हे आणलं तेव्हा. मला नेलं नव्हतं सहलीला, मुलांची शाळा ना. मी हट्ट धरला, मला चव बघू द्या. बाबा म्हणाले, शेवटची कादंबरी लिहून झाली की आपण दोघं मिळून उघडू. ती अर्धीच राहिली. पुढं मला एकटीला उघडवेना. काल मेण गळून पडलं असं कळलं, तेव्हा वाटलं, बाबाच म्हणतायत, घे आता.’’

लोक हसले. एकदोघींनी डोळे पुसले. माणिकबाई दाराशी उभी होती. आता कोणाला काय कळणार होतं? म्हातारीनं समुद्र कधी चाखला नव्हता. खारं लागणार, ती म्हणणार अहाहा, फोटो निघणार, आणि विषय संपणार. नोकरी वाचली. मार्च वाचला. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं.

मॅडमनी पेटी उघडली. गीतांजलीबाईंनी बूच काढलं. एक थेंब बोटावर घ्यायच्या ऐवजी त्यांनी, लहान पोरानं करावं तसं, बाटलीच तोंडाकडं नेली.

‘‘नका पिऊ!’’

सगळं दालन वळून पाहायला लागलं. माणिकबाईला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. गर्दीतून कशी गेली तेही तिला आठवत नाही. तिनं त्या म्हातारीचं मनगट घट्ट धरलं होतं, एवढं खरं.

‘‘नका लावू बाई तोंडाले. ते आमच्या बोअरचं हाये. किडन्या खाते ते पाणी. आमी पाहुण्याले नाई देत.’’

‘‘मावशी, काय बोलताय?’’ रागिणी मॅडम पुढं आल्या.

मग तिनं सांगितलं. खिडकी, डबा, जिभेवरचा थेंब, बादली, कपाट, एसटी. सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडूही येईना. गीतांजलीबाईंनी बाटली सावकाश पेटीत ठेवली.

‘‘म्हणजे बाबांचं पाणी...’’

‘‘मी फरशीले वापरलं, बाई. मंग मोरीत गेलं.’’

म्हातारीला खुर्ची दिली कोणीतरी. ती बसली आणि रडली. हमसून रडली, आठ वर्षांच्या पोरीसारखी, लोकांपुढं, तोंडावर पदरही न घेता. एक वार्ताहर पुढं सरकला, मॅडमनी त्याला हातानं मागं केलं. माणिकबाई तिथंच जमिनीवर बसली. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून तिनं मॅडमच्या पायाशी ठेवला. सही-बिहीचं काय व्हायचं ते होवो, पण आपण या बाईचं जे नेलं ते आता कुठूनच आणून देता येणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

बऱ्याच वेळानं गीतांजलीबाईंनी डोळे पुसले.

‘‘तू चाखलंस म्हणालीस.’’

‘‘हो, बाई. एकच थेंब.’’

‘‘आमच्या घरात कोणी चाखलं नाही ते. बाबांनीसुद्धा नाही, आणल्यापासून.’’ त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि पुढं वाकल्या. ‘‘कसं होतं गं? सांग मला.’’

माणिकबाईनं वर पाहिलं. टोमणा असेल असं वाटलं तिला, पण म्हातारीच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. ती खरंच विचारत होती, आणि उत्तराला थांबली होती. माणिकबाईनं डोळे मिटले. काल ज्याला ती थू म्हणाली होती तो थेंब तिनं पुन्हा जिभेवर आठवायला घेतला, आणि या वेळी खोटं एक अक्षर जाऊ द्यायचं नाही म्हणून सावकाश बोलू लागली.

‘‘आमच्या पाण्याहून लय खारं होतं. आमचं जिभेले नुसतं चावते. हे आधी खारं लागलं, मंग मागून कडू. कडुनिंबासारखं नाई, जरासंच. थुंकलं तरी गेलं नाई, घशात राहिलं.’’

‘‘आणि?’’

‘‘अन् जड होतं. एक थेंब होता, पण घोटभर घेतल्यावानी वाटलं.’’

‘‘आणि वास? एवढी वर्षं बंद होतं. खराब झालं असेल ना?’’

‘‘नाई, बाई,’’ माणिकबाई म्हणाली. एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. ‘‘नासलं नव्हतं.’’

गीतांजलीबाईंनी तिचा हात धरला आणि सोडला नाही. ‘‘पुन्हा सांग,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पहिल्यापासून.’’